नसबंदीनंतर वजन पुन्हा पुन्हा वाढतंय? भुकेवरून माप ठरवू नका

तक्रार जवळपास ठरलेली असते. मांजरीची नसबंदी झाली, टाके सुकले, सगळं छान झालं. चार-सहा महिन्यांत ती गोल झाली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खाणं कमी केलं, वजन थोडं उतरलं. मग "आता ठीक आहे" म्हणून पूर्वीसारखं खाणं सुरू केलं आणि बघता बघता वजन पुन्हा होतं तिथे. परत डाएट, परत तेच. कुत्रीच्या बाबतीत फरक इतकाच, की ती जेवणाच्या वेळी पानाशेजारी येऊन बसते आणि घरातल्या प्रत्येकाकडून थोडं थोडं वसूल करते.

पशुवैद्य म्हणून हे चक्र मी सतत बघते. त्यात मालकांना जो अपराधीपणा येतो, तो बघून मला वाईट वाटतं. बहुतेक घरांत हयगय अजिबात नसते. ऑपरेशनमुळे प्राण्याच्या शरीरात एक बदल झालेला असतो आणि तो कुणी नीट समजावून सांगितलेला नसतो. "आता पुरे" हे सांगणारी शरीराची खूण मंदावते. ती कायमची मंदावते आणि आपण डाएट मात्र तीन महिन्यांपुरता करतो. वजन परत येतं ते यामुळे.

नसबंदी करून चूक झाली, असा अर्थ यातून काढू नका. न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. शिवाय नको असलेली पिल्लं, बोक्यांच्या मारामाऱ्या, त्यातून होणारे संसर्ग. ऑपरेशन योग्यच होतं. त्यानंतरचं माप चुकलं, आणि माप दुरुस्त करता येतं.

आधी खात्री करा: खरंच चरबी आहे का?

मांजरीच्या मागच्या पायांमध्ये पोटाखाली कातडीची एक सैल झोळी लोंबते, चालताना हलते. पुष्कळ जण तिलाच लठ्ठपणा समजतात. सडपातळ मांजरींनाही ती असते, त्यामुळे तिच्यावरून काही ठरवू नका.

हाताने बघा. प्राणी उभा असताना दोन्ही तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि बोटं हलकेच मागे-पुढे फिरवा. आता स्वतःचा एक हात सरळ पसरा, तळवा जमिनीकडे, आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या वरच्या बाजूवर फिरवा. हाडं सहज कळतात, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागल्या तर वजन योग्य आहे. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर प्राणी बारीक आहे. तळव्याच्या मऊ बाजूसारखं लागलं, हाडं शोधावी लागली, तर वजन जास्त आहे. मग वरून बघा, बरगड्यांच्या मागे कंबर आत जाते का. कुत्र्याला बाजूनेही बघा, पोट मागच्या पायांकडे वर चढत जायला हवं. केसाळ कुत्र्यांमध्ये, विशेषतः आपल्याकडच्या पांढऱ्या स्पिट्झमध्ये, डोळ्यांवर विश्वास ठेवूच नका, हातच खरं सांगतो.

दवाखान्यात हेच ९ अंकांच्या पट्टीवर मांडतात. ५ म्हणजे बरोबर. त्यावरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जादा वजन. म्हणजे ५.२ किलोची मांजर ८ वर असेल, तर तिचं योग्य वजन ४ किलोच्या आसपास आहे. हा आकडा लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

आणखी एक. पोट मोठं दिसतंय, पण पाठ आणि बरगड्या हाडकुळ्या लागत आहेत, असं असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. पोटातलं पाणी, गाठ, जंत, गाभण राहणं यांपैकी काहीही असू शकतं.

बिघाड नेमका कुठे आहे

ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी यातलं निम्मं विज्ञान डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गाय माजावर आली की वैरणीत तोंड घालते न घालते, दूध कमी देते, हंबरते, दाव्याला हिसके देते. म्हशीत पुष्कळदा मुका माज असतो, ओरडणं नसतंच. तिथे अनुभवी माणूस "आज खाल्लं नाही, दूधही कमी दिलं" एवढ्यावरून ओळखतो. दर २१ दिवसांच्या आसपास हे होतं आणि दिवसभरात ओसरतं. मोठ्या डेअऱ्यांमध्ये गाईंच्या पायाला पावलं मोजणारी यंत्रं बांधतात, कारण माजात तिचं चालणं एकदम वाढतं. खाणं कमी, हालचाल जास्त. या दोन्हींच्या मागे मुख्यतः एकच हार्मोन आहे, अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन. माजाच्या आधी रक्तातलं त्याचं प्रमाण शिखरावर असतं.

प्रयोगशाळेत हे उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, फार बारकाईने तपासलं गेलं आहे. रॅटच्या मादीचं चक्र चार ते पाच दिवसांचं. १९२३ साली वांग या संशोधकाने दाखवलं, की फिरत्या चाकाच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्या दर चौथ्या-पाचव्या दिवशी, बरोबर माजाच्या वेळी, एकदम खूप जास्त पळतात. त्याच रात्री त्यांचं खाणंही घटतं. अंडाशय काढलं की ही लय नाहीशी होते. मादी जास्त खाऊ लागते, कमी पळते, वजन चढतं. इस्ट्रोजेन टोचलं की सगळं पूर्ववत. १९७० च्या दशकात जॉर्ज वेड यांनी या विषयावर पद्धतशीर काम केलं आणि त्यातून इस्ट्रोजेनचं वजनाशी असलेलं नातं पक्कं झालं.

हे घडतं कसं? जेवताना, विशेषतः प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरले की, आतडं कोलेसिस्टोकायनिन नावाचा संदेश सोडतं. तो मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या मागच्या भागात पोहोचतो आणि जेवण थांबतं. इस्ट्रोजेन असताना मेंदू या संदेशाला जास्त दाद देतो, त्यामुळे जेवण लवकर आटोपतं. रॅटमध्ये इस्ट्रोजेनमुळे जेवणांची संख्या नाही, तर एकेका जेवणाचा आकार घटतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इस्ट्रोजेन गेलं म्हणजे प्राणी सतत कासावीस होतो असं नाही. तो जेवायला बसला की थांबायचा क्षण उशिरा येतो. भरलेला बोल दिवसभर समोर असेल तर प्रत्येक जेवणातले ते चार जादा घास साठत जातात.

याखेरीज मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तिथल्या काही पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या जागा, असतात. पीओएमसी नावाच्या पेशींमार्फत ते भूक आवरतं, तर शेजारच्या दुसऱ्या पेशींमार्फत शरीराचा ऊर्जाखर्च वाढवतं. उंदरांमध्ये २०११ साली हे दोन मार्ग वेगवेगळे करून दाखवले गेले. त्याआधी २००० साली, या ग्राहकांपैकी अल्फा नावाचा ग्राहकच नसलेल्या उंदरांवर काम झालं होतं. नर आणि मादी, दोघांचीही चरबी वाढली.

नर का वाढतात, हा प्रश्न रास्त आहे. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग मेंदूत आणि चरबीत इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि भुकेवरचा ताबा काही अंशी त्यातून येतो. बोक्याची नसबंदी केली की दोन्ही जातात. प्राण्याप्राण्यांत फरक मात्र आहे. नर रॅटचे वृषण काढले तर तो उलट थोडं कमी खातो आणि हलका राहतो, कारण टेस्टोस्टेरॉन स्नायू वाढवतं आणि ते वाढवायला खाणं लागतं. बोक्याचं तसं होत नाही, तो जास्त खातो. नसबंदी झालेल्या मांजरांना इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचंच एक रूप, दिलं की ही वाढलेली भूक दबते, हे २००७ सालच्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून "उंदरावर सिद्ध झालं" असं कुठे वाचलंत, तर ते नर की मादी आणि प्राणी कोणता, हे बघितल्याशिवाय आपल्या घरच्या बोक्याला लावू नका.

शेळीपालकांना हे व्यवहारात केव्हापासून माहीत आहे. खच्ची केलेला बोकड शांत होतो, त्याच्या अंगावर चरबी धरते, मटणाला बोकडाचा उग्र वास राहत नाही. गुरांमध्येही तसंच, सांड जास्त वेगाने आणि जास्त मांस धरत वाढतो, तर खच्ची केलेलं जनावर चरबी जास्त साठवतं. तिथे ही चरबी हवी असते, आपल्या सोफ्यावरच्या बोक्याला नको असते.

मांजरांत मुख्य दोष वाढलेल्या भुकेचा की कमी झालेल्या खर्चाचा, यावर अभ्यासकांत मतभेद झाले आहेत. १९९६ च्या एका अभ्यासात गर्भाशय-अंडाशय काढलेल्या मांजरींचं वजन टिकवायला लागणाऱ्या कॅलरी लक्षणीय कमी निघाल्या. २००३ मध्ये बोक्यांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की वजन वाढतं ते जास्त खाल्ल्याने, खर्च घटल्याने नव्हे. माझं मत, घरी दोन्ही गोष्टी गृहीत धरून चालावं आणि भुकेला जास्त दोष द्यावा. व्यवहारातलं उत्तर दोन्हीकडून तेच येतं. नसबंदीनंतर मांजरीला साधारण पाव ते एक-तृतीयांश कॅलरी कमी लागतात. बीगल कुत्रींवरच्या अभ्यासातही वजन स्थिर ठेवायला जवळपास ३० टक्के कपात करावी लागली होती.

यात वयाचा योगही वाईट जुळतो. आपण पिल्लाची नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करतो. त्याच वेळी वाढीचा वेग उतरत असतो, म्हणजे दर किलोमागची गरज तशीही घटत असते. गरज दोन बाजूंनी खाली येते आणि भूक वर जाते. बोल तेवढाच राहतो, किंवा "ऑपरेशन झालंय बिचारीचं" म्हणून आणखी भरला जातो.

"आता तर ती फार खातही नाही, तरी उतरत का नाही?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणारा खरंच बोलत असतो. अंडाशय काढलेल्या रॅटमध्ये खादाडपणा कायम टिकत नाही. काही आठवडे ती जास्त खाते, वजन चढतं, मग खाणं जवळपास पूर्वीइतकं होतं आणि वजन नव्या, वरच्या पातळीवर स्थिरावतं. शरीर आता ही पातळी राखू बघतं. घरी तुम्ही लक्ष द्यायला लागता तेव्हा खादाडपणाचा काळ बहुधा उलटून गेलेला असतो. समोर दिसते ती माफक खाणारी लठ्ठ मांजर, आणि "हिचा थायरॉइड बिघडला असेल" अशी शंका येते.

त्याच कारणाने थोड्या दिवसांच्या डाएटने भागत नाही. वजन खाली आणलंत आणि माप सोडून दिलंत, तर "पुरे" म्हणणारी खूण जिथे होती तिथेच मंद आहे. लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०१२ सालच्या अभ्यासात वजन यशस्वीपणे उतरवलेल्या कुत्र्यांचा पुढे मागोवा घेतला, तर जवळपास निम्म्या कुत्र्यांचं वजन परत वाढलेलं होतं. वजन कमी करण्यासाठीचं खाद्यच पुढेही चालू ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये हे प्रमाण कमी होतं.

लॅब्राडोरवाल्यांसाठी आणखी एक. वर ज्या पीओएमसीचा उल्लेख आला, त्याच्या जनुकातला एक छोटा तुकडा सुमारे पाव लॅब्राडोरांमध्ये गहाळ असतो, हे २०१६ साली समोर आलं. असे कुत्रे अन्नासाठी जास्त हपापलेले आणि सरासरीने जास्त वजनाचे असतात. त्यात नसबंदीची भर पडली की "हा कितीही दिलं तरी उपाशीच" हे शब्दशः खरं ठरतं. त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका. तो खोटं बोलत नाहीये, पण त्याला खरंच आणखी अन्न लागतंय असंही नाही.

दुरुस्ती

फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. योग्य वजनाचा आकडा, आत्ताच्या वजनाचा नव्हे, तीन वेळा एकमेकांशी गुणा, दोनदा वर्गमूळ घ्या आणि ७० ने गुणा. ४ किलोच्या मांजरीचं बघू. ४ × ४ × ४ म्हणजे ६४, वर्गमूळ ८, परत वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे सुमारे १९८ कॅलरी. ही पडून राहण्याची गरज झाली. नसबंदी न झालेल्या प्रौढ मांजरीला याच्या १.४ पट धरतात, झालेलीला १.२ पट, म्हणजे साधारण २४० कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर ०.८ पट, म्हणजे १६०. कुत्र्यांत न झालेल्याला १.८ पट, झालेल्याला १.६ पट आणि वजन उतरवताना १ पट. हे आकडे सुरुवातीचे आहेत, एकेका प्राण्यात बराच फरक पडतो, म्हणून पुढे वजनकाटा सांगेल तसं बदलायचं.

आता पाकिटावर १०० ग्रॅममागे किती कॅलरी लिहिल्या आहेत ते बघा. मांजरींच्या कोरड्या खाद्यात त्या बहुतेकदा ३५० ते ४०० असतात. ३८० धरल्या तर १६० कॅलरी म्हणजे ४२ ग्रॅम. दिवसभराचे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर रिकामा बोल ठेवून शून्य करा आणि ४२ ग्रॅम दाणे ओता. बोलचा तळ जेमतेम झाकला जाईल. मग रोज घालत होता ती वाटी तशीच भरून मोजा. सपाट भरलेली आणि शीग लावलेली, दोन्ही. घरातल्या प्रत्येकाला एकेकदा भरायला सांगा. त्या आकड्यांतला फरक बघितला, की वाटीवर का विसंबून राहू नये ते पटतं. यापुढे ग्रॅम, वाटी नाही.

पाकिटावरचा तक्ता जसाच्या तसा वापरू नका. पुष्कळ तक्ते सर्वसाधारण प्रौढ प्राण्यासाठी असतात, आणि आपण त्यात आत्ताचं, वाढलेलं वजन शोधतो.

घरच्या खाण्याचं गणित जास्त घोटाळ्याचं. ६ किलोच्या स्पिट्झला वजन उतरवताना दिवसाला सुमारे २७० कॅलरी पुरतात. ग्लुकोज बिस्किटांत १०० ग्रॅमला साधारण ४५० कॅलरी असतात, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर दिलेली चार बिस्किटं नव्वदेक कॅलरींची झाली. दिवसाचा एक-तृतीयांश हिस्सा सकाळी सातलाच संपला. दीडशे मिली फुलक्रीम दूध १३० कॅलरींच्या घरात जातं, आणि मांजरीला दिलंत तर तिच्या डाएटचा मोठा भाग तेवढ्यातच आटोपला. वरखाऊ सगळं मिळून एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा आणि तेवढं मुख्य खाण्यातून वजा करा.

इथे घरातल्या माणसांचा प्रश्न येतो. आजी-आजोबा दुपारी एकटे घरी असतात, कुत्री त्यांच्या पायाशी बसते, पोळीचा तुकडा दिला जातो. त्यांना "देऊ नका" म्हणणं मला पटत नाही आणि ते टिकतही नाही. सकाळी दिवसाचं सगळं खाणं मोजून एका डब्यात काढा आणि डबा आजींच्या हाती द्या. त्यांना जेव्हा द्यावंसं वाटेल तेव्हा त्यातलंच द्यायचं. डबा रिकामा, म्हणजे आजचं संपलं. त्यांचा हात थांबवायची गरज पडत नाही.

बोल दिवसभर भरलेला ठेवणं बंद करा. मापातलं खाणं चार-पाच वेळा विभागून द्या. इस्ट्रोजेन नसताना एकेक जेवण मोठं होण्याकडे कल असतो, म्हणून जेवणाचा आकार आपणच ठरवायचा. दाणे शोधून किंवा ढकलून काढावे लागतील अशा खेळण्यांत थोडे घाला. पहाटे पाचला तोंडावर पंजा मारणाऱ्या बोक्यासाठी वेळेवर उघडणारं यंत्र घ्या, म्हणजे तो तुमच्याऐवजी यंत्राजवळ जाऊन बसेल. घरात दोन मांजरी असतील तर वेगळ्या खोल्यांत जेवण आणि पंधरा-वीस मिनिटांनी बोल उचलायचा. हे कष्टाचं आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

नेहमीचंच खाद्य खूप कमी केलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि मांजरीला लागणारा टॉरिन हा पोषक घटकही कमी पडतो, आणि चरबीऐवजी स्नायू झिजतात. कपात मोठी असेल तर वजन कमी करण्यासाठी बनवलेलं, प्रथिनं जास्त आणि कॅलरी कमी असलेलं खाद्य डॉक्टरांना विचारून सुरू करा. ओल्या खाद्यात पाण्यामुळे तेवढ्याच कॅलरींत घास जास्त येतात, पुष्कळ मांजरींना ते मानवतं.

वेग हळूच ठेवा. मांजरीत आठवड्याला अर्धा ते एक टक्का, कुत्र्यात एक ते दोन टक्के. ५.२ किलोच्या मांजरीत एक टक्का म्हणजे जेमतेम ५० ग्रॅम. ४ किलोपर्यंत यायला सहा महिने लागू शकतात आणि तेच बरोबर आहे. लठ्ठ मांजरीला उपाशी कधीही ठेवू नका. तिने एक-दोन दिवस खाणं सोडलं तर शरीरातली चरबी यकृतात भरू लागते आणि त्यातून जीव जाऊ शकतो. नवीन खाद्य तोंडात घेत नसेल तर "भूक लागली की खाईल" असं म्हणत बसू नका, जुनं खाद्य द्या आणि बदल आठ-दहा दिवसांत मिसळून करा.

दर दोन आठवड्यांनी, शक्यतो त्याच काट्यावर, वजन करा. मांजरीला कडेवर घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभं राहिलात तर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळणार नाही, आणि इथे सगळा खेळ त्या शंभर ग्रॅमचा आहे. लहान बाळांचा काटा किंवा दवाखान्यातला वापरा.

योग्य वजन गाठल्यावरचा टप्पा सगळ्यांत जास्त चुकतो. पूर्वीचं माप परत आणू नका. पाच-दहा टक्के वाढवा, दोन आठवडे थांबा, वजन करा. स्थिर राहिलं तर तेच तिचं आयुष्यभराचं माप. ते १.२ पटीच्या हिशोबापेक्षाही कमी निघू शकतं, दचकू नका.

ज्यांची नसबंदी अजून व्हायची आहे त्यांचं काम सोपं आहे. ऑपरेशनआधी आठवडाभर किती ग्रॅम खातो ते लिहून ठेवा. प्रौढ प्राणी असेल तर भूक पूर्ववत झाल्यावर त्यातले पाव कमी करा. वाढतं पिल्लू असेल तर पिल्लांचंच खाद्य चालू ठेवा, फक्त मोजून द्या आणि बरगड्या तपासत राहा. वाढलेलं वजन उतरवण्यापेक्षा न वाढू देणं कितीतरी सोपं असतं.

मेहनत कशासाठी, असं मनात आलं तर हे बघा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅब्राडोर भावंडांच्या जोड्या आयुष्यभर पाळल्या होत्या. एकाला दुसऱ्यापेक्षा पाव भाग कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापुढे जगले ते वय, १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली.

मोजूनही उतरत नसेल तर

आधी गळती शोधा: शेजारी, वॉचमन, दुसऱ्या मांजरीचा बोल, गच्चीवर कावळ्यांना ठेवलेला भात. गळती नसेल तर कॅलरी आणखी पाच-दहा टक्के कमी करून बघा.

तरीही हलत नसेल तर तपासण्या. कुत्रा सुस्त आहे, उबेची जागा शोधतो, कुशीवरचे केस दोन्हीकडून सारखे विरळ होत आहेत, तर थायरॉइड तपासा. मांजरींत थायरॉइड कमी पडणं दुर्मीळ आहे, तिच्या लठ्ठपणाचं खापर तिथे फोडू नका. कुत्रा खूप पाणी पितोय, लघवी खूप करतोय, पोट सुटलंय, धापा टाकतोय, तर कुशिंग हा (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा) आजार शोधावा लागतो. मांजर खूप पाणी पीत असेल तर मधुमेह, आणि लठ्ठ, नसबंदी झालेल्या बोक्यांना त्याचा धोका जास्त असतो. त्वचेच्या खाजेसाठी स्टेरॉइड किंवा फिट्ससाठी फिनोबार्बिटोन चालू असेल तर भूक त्यानेही वाढते, पण ती औषधं स्वतःहून बंद करू नका.

नसबंदी झालेली मांजर अधूनमधून लोळते, घुमते, रात्रभर ओरडते आणि तेवढे दिवस खाणं सोडते, असं दिसलं तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता आहे. तारखा लिहून ठेवा आणि त्या दिवसांतच डॉक्टरांना दाखवा, निदान तेव्हा सोपं जातं.

नसबंदीऐवजी माज थांबवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर वजनाचं कारण तिथेच असू शकतं. ती प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधं असतात. त्यांतलं मेजेस्ट्रॉल माणसांमध्ये कर्करोगात खंगलेल्या रुग्णांची भूक वाढवायला वापरतात, यावरून काय ते लक्षात येईल. मांजरींमध्ये त्यांनी मधुमेह आणि स्तनांच्या गाठी होऊ शकतात. ही औषधं लांबवू नका, शस्त्रक्रियेबद्दल बोला.

शेवटी जो प्रश्न येतोच: इस्ट्रोजेन गेल्याने हे झालं, तर इस्ट्रोजेनच का देऊ नये? वजनासाठी देऊ नये. कुत्र्यांमध्ये इस्ट्रोजेनच्या जास्त मात्रेने हाडांतला रक्त बनवणारा मगज दबतो आणि ते जिवावर बेतू शकतं. नसबंदीनंतर झोपेत लघवी गळणाऱ्या कुत्रींसाठी इस्ट्रिऑल नावाचं सौम्य रूप काही देशांत वापरतात, तेही अगदी मोजक्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माणसांची हार्मोनची गोळी मोडून देण्याचा विचार कुणी सुचवला, तर तिथेच नाही म्हणा.